गादीवरचा शॉक, रस्त्यावरचा शॉक

अमेरिकेतल्या पोलीस प्रशिक्षणाच्या चित्रफिती इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. त्यांतला एक प्रसंग ठरलेला असतो. जमिनीवर जाड गादी अंथरलेली आहे. एक तरुण, धट्टाकट्टा शिपाई पाठ करून उभा आहे आणि दोन सहकाऱ्यांनी त्याचे दंड धरले आहेत. मागून प्रशिक्षक टेझरचा चाप ओढतो, दोन काटे पाठीत रुततात आणि पाच सेकंद त्या शिपायाचे सगळे अंग आखडते. तोंडातून शिवी निघते, नाहीतर नुसतीच किंकाळी. सहकारी त्याला अलगद गादीवर पालथा निजवतात. सहाव्या सेकंदाला तो हसायला लागलेला असतो आणि वर्गात टाळ्या पडतात.

टेझरची बाजू मांडणारे अधिकारी हा प्रसंग आवर्जून दाखवतात. त्यात खोटे काही नाही. हजारो पोलिसांनी हा झटका स्वतःच्या अंगावर घेतला आहे आणि संध्याकाळी ते घरी जेवायला गेले आहेत. माझी हरकत एवढीच, की गादीवरचा माणूस वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा. गादीवरचा निरोगी असतो, आपल्याला काय होणार हे त्याला ठाऊक असते, काटे पाठीत लागतात, झटका एकदाच बसतो आणि पडताना धरायला दोघे उभे असतात. रस्त्यावरचा धावत असतो किंवा मारामारी करत असतो. तो घाबरलेला असतो, कधी कोकेनच्या अमलाखाली, कधी मनोरुग्ण, कधी हृदयरोगी. काटे त्याच्या छातीत लागतात, चाप पुन्हा पुन्हा ओढला जातो आणि खाली फरशी किंवा डांबर असते. ही प्रस्तावना ज्या पुस्तकाला आहे, त्याचा विषय म्हणजे या दोन माणसांमधले अंतर, असे मी हस्तलिखित वाचून झाल्यावर स्वतःशी म्हटले. 'टेझरने माणूस मरतो का?' असा प्रश्न विचारला की उत्तरे देणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात आणि वाद तिथेच रुतून बसतो. कोणत्या माणसाला, शरीरावर कुठे, किती सेकंद, किती वेळा, आणि तो मेल्यावर मृत्यूचे कारण कोणी लिहिले, असे तुकडे करून विचारले तर मात्र सांगण्यासारखे बरेच आहे.

आधी यंत्राविषयी. जॅक कव्हर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ते तयार केले. हा गृहस्थ नासासाठी काम केलेला. विमान-अपहरणांचा आणि शहरी दंगलींचा तो काळ होता, आणि गोळी न घालता माणसाला जागीच थांबवील असे काहीतरी हवे होते. मुलांसाठी लिहिलेल्या एका जुन्या साहसकथेत टॉम स्विफ्ट नावाच्या नायकाकडे विजेची बंदूक असते; त्या पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरे जुळवून कव्हरने आपल्या यंत्राला टेझर म्हटले. सुरुवातीच्या टेझरमध्ये काटे फेकायला बंदुकीची दारू वापरत, त्यामुळे १९७६ मध्ये अमेरिकी सरकारने त्याची गणना बंदुकांत केली आणि धंदा बसला. १९९३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या रिक आणि टॉम स्मिथ या भावांनी दारूऐवजी दाबाखालचा नायट्रोजन वापरला आणि तेच यंत्र नव्याने बाजारात आणले. १९९९ मध्ये त्यांचे एम-२६ आले, २००३ मध्ये एक्स-२६. आरोग्याविषयीचे बहुतेक संशोधन आणि बहुतेक खटले याच एक्स-२६ भोवती फिरतात. २०१७ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून अ‍ॅक्सॉन केले.

पन्नास हजार व्होल्ट हा आकडा ऐकून सामान्य वाचक दचकतो, आणि वर्तमानपत्रेही तो आवडीने मथळ्यात घालतात. या आकड्याने उगाच घाबरून जाऊ नये. काटे कपड्यात अडकले आणि कातडीपर्यंत पोचले नाहीत, तर मधल्या हवेतून ठिणगी उडवण्यासाठी एवढा दाब लागतो. प्रत्यक्ष शरीरात वीज शिरते तेव्हा एक्स-२६ मधला दाब साधारण बाराशे व्होल्टपर्यंत असतो. सेकंदाला एकोणीस ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा, आणि सरासरी प्रवाह सुमारे दोन मिलिअँपिअर. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डात बोट घातले तर शरीरातून याच्या कितीतरी पट प्रवाह जाऊ शकतो. म्हणजे व्होल्टच्या आकड्याने टेझरला दोषी ठरवता येत नाही. पण कंपनीचे वकील याच सरासरी प्रवाहाचा आधार घेऊन त्याला निर्दोष ठरवू पाहतात, तेही तितकेच फसवे. सरासरी काढताना दोन ठोक्यांमधला रिकामा वेळही धरला जातो. ठोका चालू असताना त्या क्षणी वाहणारा प्रवाह काही अँपिअर असतो.

हे ठोके नेमके कशावर बसतात, हे कळले की पुढचे सगळे समजते. स्नायूंना आकुंचनाची आज्ञा नेणारे जे मज्जातंतू असतात, ते अतिशय कमी वेळाच्या ठोक्यालाही दाद देतात. दोन काट्यांमध्ये पुरेसे अंतर असेल तर त्यांच्यामधले सगळे मोठे स्नायू एकदम आवळले जातात आणि माणूस उभ्याचा खाली येतो. म्हणूनच काटे थोड्या कोनात सुटतात: जितके दूर जातील तितके एकमेकांपासून फाकतात. अगदी जवळून मारले तर ते जवळजवळच लागतात, स्नायू पुरेसे आवळले जात नाहीत आणि उरते ती वेदना. काटे न सोडता यंत्राचे तोंड थेट अंगाला टेकवूनही शॉक देता येतो. त्यात माणूस कोसळत नाही, फक्त दुखते. माणसाला आवरण्यासाठी बनवलेले साधन केवळ दुखवण्यासाठी वापरता येते, ते याच पद्धतीत. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने पोर्तुगालच्या टेझर खरेदीबद्दल बोलताना या शस्त्रामुळे होणारी तीव्र वेदना हा छळाचाच एक प्रकार ठरतो, असे म्हटले होते. पोलीस कोठडीत विजेचा शॉक दिल्याच्या तक्रारी ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात, तिथल्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

आता हृदय. हृदयाच्या स्नायूला उद्दीपित करायला मज्जातंतूपेक्षा जास्त वेळाचा ठोका लागतो, आणि टेझरची सगळी सुरक्षितता या एका फरकावर उभी आहे. ठोका एवढा छोटा ठेवायचा की हातापायाचे स्नायू आवळावेत आणि हृदयाला पत्ता लागू नये. कल्पना चांगली आहे आणि बहुतेक वेळा ती चालते. पण काटा छातीवर, दोन बरगड्यांमध्ये, हृदयाच्या अगदी जवळ रुतला तर मधली संरक्षक जागा उरत नाही. बारीक अंगाच्या माणसात किंवा मुलात कातडीपासून हृदयापर्यंतचे अंतर आधीच कमी असते. अशा वेळी हृदय त्या एकोणीस ठोक्यांपैकी दर काही ठोक्यांमागे एकदा आकुंचन पावू लागते. मग मिनिटाला दोनशेच्या वर स्पंदने होतात, रक्तदाब घसरतो, आणि हे काही काळ चालू राहिले तर हृदयाचे खालचे कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. डॉक्टर याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. त्यात रक्त पुढे ढकललेच जात नाही. बाहेरून विजेचा झटका देऊन ते थांबवले नाही तर काही मिनिटांत माणूस जातो.

हे कागदावरचे गणित नाही. शिकागोत डुकरांवर झालेल्या प्रयोगांत छातीपाशी काटे लावून शॉक दिल्यावर हृदय ठोक्यांमागे धावू लागल्याचे दिसले आणि काही जनावरे मेली. डुक्कर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप लगेच आला, आणि तो रास्त आहे. पण २००७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक प्रकरण छापून आले. पेसमेकर बसवलेल्या माणसाला पोलिसांनी टेझर मारला होता. तो वाचला. नंतर पेसमेकरची आतली नोंद वाचली तेव्हा ज्या सेकंदांत शॉक चालू होता, त्याच सेकंदांत हृदयाच्या खालच्या कप्प्यांनी टेझरचा वेग पकडला असल्याचे त्यात नोंदले गेले होते. जिवंत माणसाच्या हृदयाच्या आतून मिळालेला हा पुरावा. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत शांत आणि सर्वांत भक्कम कागद तोच आहे.

इंडियाना विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ डग्लस झाइप्स यांनी २०१२ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आठ प्रकरणे मांडली. आठही जण एक्स-२६ चे काटे छातीवर लागल्यावर लगेच बेशुद्ध झाले होते, आणि टेझरच्या शॉकने हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर खूप धुरळा उडाला. झाइप्स हे कंपनीविरुद्धच्या खटल्यांत मोबदला घेऊन साक्ष देत होते, हे विरोधकांनी दाखवून दिले. ते खरे होते, आणि लेखात तसे जाहीरही केलेले होते. मात्र त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत कंपनीच्या संचालक मंडळावरचे मार्क क्रोल पुढे होते, हेही विसरून चालणार नाही. गंमत अशी, की झाइप्स यांचा लेख येण्याच्या अडीच वर्षे आधी, ऑक्टोबर २००९ मध्ये, खुद्द कंपनीनेच प्रशिक्षकांना सूचना पाठवली होती: समोरून मारताना नेम छातीच्या खाली धरा. हृदयाला धोका अत्यंत कमी आहे, ही सूचना मुख्यतः वाद टाळण्यासाठी आहे, असे तिच्यासोबत म्हटलेले होते.

संशोधनाला पैसा कोणाचा, हा प्रश्न मी एरवी शेवटी ठेवला असता, पण इथे तो मध्येच आणावा लागतो. २०११ मध्ये 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये टेझरच्या सुरक्षिततेवरच्या पन्नास अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली. त्यांतले तेवीस अभ्यास कंपनीच्या पैशाने किंवा कंपनीशी संबंध असलेल्या लेखकांनी केलेले होते. त्या तेविसांपैकी ९६ टक्क्यांनी यंत्र सुरक्षित किंवा जवळपास सुरक्षित ठरवले. उरलेल्या स्वतंत्र अभ्यासांत हे प्रमाण ५५ टक्के होते. यावरून पहिले सगळे खोटे आणि दुसरे सगळे खरे, असे कुणी म्हणू नये. पण गादीवरचा स्वयंसेवक निवडताना कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता टाळायचा, हे पैसा ठरवू शकतो, एवढे यातून कळते.

दुसऱ्या बाजूचाही एक चांगला अभ्यास आहे आणि पुस्तकाने तो टाळलेला नाही, याचे मला समाधान वाटले. विल्यम बोझमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पोलिसांनी प्रत्यक्ष टेझर मारलेल्या १,२०१ लोकांची नोंद तपासली. ९९.७५ टक्के लोकांना काही झाले नव्हते किंवा किरकोळ जखमा झाल्या होत्या. गंभीर इजा तिघांना झाली होती. हे प्रयोगशाळेतले नव्हे, रस्त्यावरचे आकडे आहेत, आणि टेझरला सरसकट जल्लाद म्हणणाऱ्यांनी ते नीट वाचले पाहिजेत. मात्र त्या तिघांना काय झाले तेही पाहावे. दोघांच्या डोक्यात पडल्यामुळे रक्तस्राव झाला होता, आणि तिसऱ्याचे स्नायू विघटित होऊ लागले होते.

पडणे हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. हृदयाबद्दल तज्ज्ञ भांडत राहतात, कारण त्यात मान आहे, मानधन आहे, खटले आहेत. पडण्याबद्दल कुणी भांडत नाही, कारण त्यात वादच नाही. घसरून पडणारा माणूस हात पुढे टाकतो. टेझर लागलेल्या माणसाचे हात आखडलेले असतात. तो चेहऱ्यावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर सरळ आदळतो. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कूमा या छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात पहाटे एक ९५ वर्षांच्या आजी वॉकर धरून हिंडत होत्या. वजन पन्नास किलोंहून कमी. स्मृतिभ्रंशाची लक्षणे होती, आणि हातात सुरी होती. बोलावलेल्या पोलिसाने टेझर मारला, त्या मागे पडल्या, डोके जमिनीवर आपटले आणि आठवड्याभरात त्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले गेले. मार्च २०२५ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठवले नाही. इथे हृदयाच्या स्पंदनांचा, मिलिअँपिअरचा, डुकरांचा काही संबंध नव्हता. पडणे, एवढेच कारण.

उंचावर, पाण्यात, चालत्या वाहनात तेच. आगीचे तर विचारूच नका. ठिणगी उडवणारे यंत्र पेट्रोल किंवा अल्कोहोलच्या वाफेजवळ चालवले तर काय होईल हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. तरीही २०२१ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या कॅट्स्किल गावच्या पोलीस ठाण्यात अंगावर सॅनिटायझर ओतून घेतलेल्या तरुणावर टेझर चालवला गेला. तो पेटला आणि काही आठवड्यांनी रुग्णालयात वारला. याखेरीज डोळ्यात रुतलेले काटे आहेत, आणि एवढ्या जोराने आवळलेल्या पाठीच्या स्नायूंनी स्वतःच्याच मणक्याला पाडलेल्या भेगा आहेत. मणक्याच्या भेगांची नोंद पोलिसांच्याच बाबतीत, प्रशिक्षणातल्या गादीवर झालेली आहे.

मेंदूचे प्रकरण नवे आहे. रॉबर्ट केन आणि मायकल व्हाइट या अभ्यासकांनी १४२ निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. शॉकनंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत शब्द लक्षात ठेवण्याची आणि नवे शिकण्याची क्षमता लक्षणीयरीत्या घसरलेली दिसली. ती साधारण तासाभरात पूर्ववत झाली. तासाभराचे एवढे काय, असे वाटेल. पण त्याच तासात अमेरिकी पोलीस संशयिताला त्याचे हक्क वाचून दाखवतात आणि त्याचा जबाब घेतात. अभ्यासकांनी हाच मुद्दा मांडला. माझ्या वाचनात तरी डॉक्टर आणि वकील या दोघांनाही एकाच टेबलावर बसवणारा टेझरवरचा हा एकमेव प्रयोग आहे.

सेकंद आणि पुनरावृत्ती यांच्याकडे येऊ. एकदा चाप ओढला की पाच सेकंद शॉक चालतो. पण चाप दाबून ठेवला तर एक्स-२६ थांबत नाही. गादीवर कुणी पाच सेकंदांपुढे जात नाही. २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात एका किराणा दुकानात काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या छातीत काटे लागले आणि चाप ३७ सेकंद दाबलेला राहिला. तो गेला, आणि २०११ मध्ये ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या टेलफर्डला डेलियन अ‍ॅटकिन्सनवर टेझर ३३ सेकंद चालवला गेला. अ‍ॅस्टन व्हिलाकडून खेळलेला हा फुटबॉलपटू हृदय आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी ग्रासलेला होता. खाली पडल्यावर त्याच्या डोक्यावर लाथाही बसल्या. २०२१ मध्ये त्या पोलिसाला आठ वर्षांची शिक्षा झाली. स्नायू सतत आवळलेले राहिले की रक्तातले आम्ल वाढते, श्वास नीट घेता येत नाही. त्यात माणूस आधीच धापा टाकत असेल आणि वरून चार जणांनी दाबून ठेवले असेल, तर कोणत्या गोष्टीने मारले हे वेगळे काढणे खरोखरच अवघड असते. न्यायवैद्यकशास्त्र ज्यांनी शिकवले आहे त्यांना हा पेच नवा नाही. त्याचा फायदा कुणाला द्यायचा, एवढाच वाद असतो.

या पेचाचे सगळे धागे एकत्र सापडतात ते व्हँकुव्हरच्या विमानतळावर. रॉबर्ट झेकान्स्की हा चाळीस वर्षांचा पोलिश माणूस १३ ऑक्टोबर २००७ ला आईकडे राहायला म्हणून कॅनडात उतरला. इंग्रजी त्याला येत नव्हते. आई बाहेरच्या दालनात वाट पाहत होती, मुलगा आत होता, आणि कित्येक तास दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. ती शेवटी परत गेली. मध्यरात्र उलटल्यावर थकलेला, गोंधळलेला झेकान्स्की खुर्च्या-टेबले हलवू लागला, एक संगणक त्याने खाली आपटला. चार पोलीस आले. त्याने एक स्टेपलर हातात घेतला होता. पोलीस आल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत पहिला शॉक बसला, आणि एकूण पाच वेळा चाप ओढला गेला. तो तिथेच मेला. शवविच्छेदनात अमली पदार्थ सापडले नाहीत, दारूही नाही. पोलिसांनी सुरुवातीला जे सांगितले ते एका प्रवाशाने कॅमेऱ्यावर घेतलेल्या चित्रणाशी जुळले नाही.

न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवुड यांच्या चौकशी आयोगाचे दोन अहवाल आले, २००९ आणि २०१० मध्ये. पहिल्यात त्यांनी वैद्यकीय पुरावा सविस्तर तपासून लिहिले, की हे शस्त्र मृत्यू घडवू शकते आणि छातीवर काटे लागल्यास धोका वाढतो. शारीरिक इजा होत असेल किंवा होण्याच्या बेतात असेल तेव्हाच ते वापरावे, साधारणपणे पाच सेकंदांपुढे जाऊ नये, हृदयाला झटका देणारे यंत्र हाताशी असावे, अशा त्यांच्या शिफारशी ब्रिटिश कोलंबिया सरकारने मान्य केल्या. कंपनी अहवालाविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. शेवटी २०१३ मध्ये कॉरोनरने हा मृत्यू दुसऱ्याच्या हातून घडला असल्याचे नोंदवले, आणि पुढे चारपैकी दोन पोलीस आयोगासमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरले. टेझर चालवल्याबद्दल मात्र कुणालाच शिक्षा झाली नाही. याच काळात कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने चाळीसएक जुने टेझर प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा चार यंत्रे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह सोडत होती. वजनकाट्यांची तपासणी सरकार दरवर्षी करते. माणसावर चालवायच्या या यंत्रांची तोवर कुणी केली नव्हती.

कॅनडाला जे जमले त्याच्या नेमके उलट अमेरिकेत झाले. ओहायोतल्या समिट काउंटीच्या वैद्यकीय परीक्षक लिसा कोहलर यांनी तीन मृत्यूंच्या कारणांत विजेच्या ठोक्यांचा उल्लेख केला. कंपनीने त्यांच्यावर दावा लावला आणि २००८ मध्ये न्यायाधीशांनी तो उल्लेख काढून टाकण्याचा आदेश दिला. एका कारखानदाराच्या तक्रारीवरून मृत्यूच्या दाखल्यातला शब्द खोडला गेला! देशभरातल्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना यातून काय कळायचे ते कळले असणार.

मग रिकाम्या जागी काय लिहायचे? 'एक्सायटेड डिलिरियम'. माणूस अत्यंत उत्तेजित होतो, अंग तापते, बळ अचाट होते, आणि पोलीस धरत असताना तो आपोआप मरतो, अशी ही कल्पना. १९८५ मध्ये मायामीच्या चार्ल्स वेटली यांनी एका सहकाऱ्यासोबत ती मांडली. त्याच वेटलींनी मायामीतल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यू कोकेन आणि संभोग यांच्या मिश्रणाने झाले असे सुचवले होते. पुढे फेरतपासणीत त्या स्त्रियांचे गळे दाबले गेले असल्याचे आढळले आणि संशय एका सीरियल किलरवर गेला. एवढी नाचक्की झाल्यावरही ही कल्पना टिकली, कारण ती सोयीची होती. टेझरनंतरच्या मृत्यूंत ती वारंवार वापरली गेली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२१ मध्ये तिला विरोध केला. आणीबाणी-वैद्यकाच्या अमेरिकी संघटनेने २००९ मधला आपला पाठिंब्याचा दस्तऐवज ऑक्टोबर २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने मृत्यूचे कारण म्हणून तिला कायद्याने बंदी केली. मधल्या वर्षांत लिहिलेले दाखले मात्र जसेच्या तसे आहेत.

म्हणून एकूण किती माणसे मेली, या प्रश्नाला आकडा देताना जपून राहावे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये न्यायालयीन कागद आणि शवविच्छेदन अहवाल गोळा करून अमेरिकेत टेझर वापरल्यानंतरचे हजाराहून अधिक मृत्यू मोजले. त्यांतल्या १५३ प्रकरणांत परीक्षकांनी टेझरला मृत्यूचे कारण किंवा त्यातला एक घटक ठरवले होते. मरण पावलेल्यांत सुमारे चौथ्या हिश्शाला मानसिक आजाराचा इतिहास होता, आणि दहापैकी नऊ जण निःशस्त्र होते. हजार हा आकडा टेझरने मारलेल्यांचा नव्हे, आणि १५३ हाही नव्हे. खरा कुठेतरी असेल, आणि कोहलर प्रकरणानंतर तो कागदावरून काढणे शक्य नाही. कॅनडातल्या एका तज्ज्ञ मंडळाने २०१३ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन गौज यांच्या अध्यक्षतेखाली उपलब्ध सगळे संशोधन तपासले, तेव्हा त्यांचाही रोख पुराव्यातल्या उणिवांकडेच होता: ज्यांच्यावर हे शस्त्र सर्वांत जास्त चालते त्यांच्यावरच अभ्यास सर्वांत कमी झाला आहे.

टेझर नसता तर पोलिसांनी काय केले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईलच. लाठी चालवली असती किंवा गोळी. अमेरिकेतल्या बारा पोलीस दलांमधल्या बळाच्या वापराच्या चोवीस हजारांहून अधिक घटनांच्या अभ्यासात टेझर वापरला गेला तिथे संशयितांना इजा होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. हा फायदा खरा आहे. पण कॅलिफोर्नियातल्या शहरांचा दुसरा अभ्यास सांगतो, की टेझर आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात कोठडीतल्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण सहा पटींहून जास्त वाढले, आणि गोळीबाराने होणारे मृत्यूही घटले नाहीत. पुढच्या वर्षांत ते प्रमाण खाली आले. नवे हत्यार हाती आले की आधी ते जास्त चालते, मग अनुभवाने शहाणपण येते, असा याचा अर्थ मी लावतो. त्या पहिल्या वर्षाची किंमत कोणी मोजली, हे बहुतेक खरेदीच्या फायलींत नसते.

आपल्याकडे हे शस्त्र अजून फारसे रुळलेले नाही, पण ते येणारच नाही असे समजण्याचे कारण नाही. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर, २०२१ मध्ये, नोएडातल्या एका कंपनीने सुरक्षा दलांसाठी बनवलेल्या विजेच्या शस्त्रांच्या बातम्या झळकल्या. त्यांना 'वज्र' आणि 'त्रिशूळ' अशी नावे दिली होती. सीमेवरच्या झटापटीसाठी बनलेली वस्तू चौकातल्या मोर्चापर्यंत यायला फार वेळ लागत नाही. तेव्हा पुस्तकातले शवविच्छेदनावरचे प्रकरण आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी तरी जरूर वाचावे. कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत कळवावी आणि शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचा दंडक नव्वदच्या दशकापासून आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशीची तरतूदही कायद्यात आहे. पण टेझरचा मृत्यू चाकूसमोर फारसे बोलत नाही. थरथरत थांबलेल्या हृदयावर कसलीही खूण उरत नाही, आणि काट्यांच्या दोन बारीक जखमांवरून शॉक किती वेळ चालला ते कळत नाही. ती माहिती यंत्रात असते: चाप कधी ओढला, किती सेकंद, किती वेळा, याची नोंद टेझर स्वतः ठेवतो. एक्स-२६ सारख्या जुन्या यंत्रांत ही नोंद फक्त यंत्र चालू असल्याची असते, वीज अंगात शिरल्याची नव्हे. नंतरच्या यंत्रांत प्रत्येक ठोक्याचा तपशील मिळतो. म्हणून शव टेबलावर घेण्यापूर्वी यंत्र सील करून मागवावे, नोंदीची प्रत डॉक्टरच्या हाती यावी, काटे कुठे रुतले होते त्याची छातीवरच्या खुणांसह मोजमापे घ्यावीत, काटे आणि तारा जपून ठेवाव्यात, कोसळल्यापासून पहिला ईसीजी किती मिनिटांनी निघाला ते लिहून घ्यावे. त्या पहिल्या ईसीजीत थरथर होती की सरळ रेघ, यावर पुढचा सगळा युक्तिवाद अवलंबून असतो, आणि रुग्णवाहिकेतला तो कागद हरवायला फार वेळ लागत नाही.